लाभाचा दाणा

आगं, सोडली गुंडाळी. शेवटी सोडली मी.

तू वरीसभर म्हणत राह्यलीस, "एकदा सोडून मोजा ना, मंग मला काय बोलायचं ते बोला." अन् मी वरीसभर म्हणत राह्यलो, "सोडायची गरज न्हाई, मला ठावं हाय." आता तुला जाऊन सव्वा महिना झाला. तेरावं उरकलं, पाव्हणे गेले, अन् चौदाव्या दिवशी मी दुकानाची फळी उघडली. कोपऱ्यातलं पोतं बाजूला केलं, त्या जळक्या यंत्रातला ट्रान्सफॉर्मर काढला अन् तार उलटी फिरवायला बसलो. काय निघालं ते सांगतो. पण आधी बाकीचं बोलू दे. सरळ मुद्द्यावर यायचं म्हणलं की माझी जीभ जड होती, तुला ठावंच हाय.

तू असताना मी कुठं बोलायचो? तू दहा वाक्यं बोलायचीस अन् मी एक "हं" टाकायचो. भाकरी गार व्हायली, हं. शेजारच्या घरी बाळंतीण हाय, हं. उद्या आबाकडं निरोप धाडा, हं. एकदा तू चिडून म्हणलीस, "मी मेले म्हणून कुणी सांगाया आलं तरी तुमी हंच म्हणसाल." खोटं निघालं बघ ते. मला हं बी म्हणता आलं न्हाई.

हे सगळं सुरू झालं तुझ्या त्या प्रश्नापासून. ठेसनाजवळच्या आपल्या एका खणाच्या दुकानात मी मोटारीच्या बॅटऱ्या चार्ज करायचो अन् जालन्यातल्या बड्या लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचो. एक दिवस एका शेठजीचा रेडिओ बरा झाला, हैदराबादची बाई बातम्या सांगू लागली. तू डबा घेऊन आल्तीस. फळीवर टेकलीस अन् म्हणलीस, "ती बाई हैदराबादेत बसून बोलून राह्यली, बराबर?"

"हं."

"अन् आपल्याला जालन्यात ऐकू येतं."

"हं."

"मंग माझ्या आबाची तार शेवटच्या रांगेला का ऐकू येत न्हाई?"

तवा मी पहिल्यांदा हातातली सळई खाली ठेवली. तुझे आबा दर चैतात म्हसोबाच्या जत्रेत पारावर एकतारी घेऊन बसतेत, हे मला ठावं होतं. भोकरदनच्या वरच्या अंगाचं तुझं ते माहेर, तिथली माणसं त्या दिवशी वाड्यावस्त्यांवरून येतेत. पुरुष पुढं, बाया पार मागं, लिंबाखाली. हे समदं मी पाह्यलेलं होतं. पण तू सांगितलं ते मला ठावं न्हव्हतं. ती एकतारी वरीसभर खुंटीला. देवाची तार, ती घरात छेडायची न्हाई, असा आबांचा नेम. जत्रेत तेवढी खाली काढायची. अन् जत्रेत तू बायांत, मागं. आबांचा आवाज वाऱ्यानं आला तर आला. तार कधीच न्हाई.

"मला नुसतं आबाचं बोट दिसायचं," तू म्हणलीस. "बोट हललं की मी मनातच तार वाजवायचे. लेकरू होते तवा वाटायचं, मोठी झाले की पुढं बसंन. मोठी झाले अन् कळलं, बायांना पुढं बसायचंच न्हाई."

तू हे हसत सांगितलंस. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं न्हाई. आपली बायको, पंचवीस-तीस वर्षांची झाली, बाप एकतारीवाला म्हणून पंचक्रोशीत नावाजलेला, अन् हिनं बापाची तार ऐकलीच न्हाई? मी म्हणलो, "करू." एवढंच म्हणलो. पण तू लगेच पदर खोचलास, जसं काय दुसऱ्या दिवशी सकाळीच वाजणार होतं.

जर्मनची लढाई नुकतीच संपल्ती. हैदराबादेत लष्करी भंगाराचे ढीग पडलेले. तिथून मी कापसात गुंडाळून काचेचे व्हाल्व आणले, एक पत्र्याचा भोंगा आणला, अन् कानाला लावून ऐकायची एक जोडी आणली. त्या जोडीतल्या एका कानाचं लोहचुंबक अन् त्याच्यावरची बारीक गुंडाळी काढून एकतारीच्या पोलादी तारेखाली बसवायची. दुसरा कान आबांच्या तोंडापुढं धरायचा, त्यात बोललं की आवाज यंत्रात जाणार. हे सगळं मी तुला सांगत होतो अन् तू चूल सोडून ऐकत होतीस. मी कधी कुणाला इतकं सांगितलं न्हव्हतं. भाकर करपली. तू म्हणलीस, "करपू द्या. दुसरा कान कशाला, ते पुन्यांदा सांगा."

ट्रान्सफॉर्मर मात्र आयता मिळंना. तो हातानंच गुंडाळायचा होता. आतली गुंडाळी जाड तारेची, तेराशे वीस वेढे, ती मी करणार. तिच्यावरून बसवायची बाहेरची, वेगळ्या नळीवर गुंडाळायची, केसासारख्या तारेची, छत्तीसशे वेढे. ती माझ्या जाड बोटांना जमंना, दोनदा तटकन तुटली. तू मला बाजूला सारलंस. शेवया वळणारी बोटं तुझी, तार तुला वश झाली.

हिशेब सगळा वेढ्यांचा होता. आत किती, बाहेर किती, त्याच्यावर विजेचा जोर ठरतो. आत कमी पडले किंवा बाहेर जास्ती झाले तर जोर वाढतो, अन् जोर वाढला की जळतं. हे मी तुला दहादा सांगितलं. "एक वेढा बी इकडं तिकडं व्हायला न्हाई पाह्यजे." तू म्हणलीस, "आवं, खळ्यावर मी हजार हजार पायल्या मोजल्यात. मला काय मोजणं शिकवता?"

अन् मोजायची रीत बी तुझीच. वीस वेढे झाले की वाटीत ज्वारीचा एक दाणा. संध्याकाळी दाणे मोजायचे, भिंतीवर खडूनं आकडा मांडायचा, वाटी उपडी करायची. मला ती रीत पटली. मी बी तीच धरली. तुझी एक दगडी वाटी, माझी एक.

फक्त तुझ्या एका खोडीला मी हसायचो. तुमच्या खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतेत. लाभ, दोन, तीन, चार. अन् मोजणी सुरू व्हायच्या आधी रिकाम्या मापात एक दाणा टाकतेत, माप रिकामं दिसू नये म्हणून. तो दाणा मोजणीत धरत न्हाईत, तो देवाचा. तसा तू तुझ्या वाटीत सकाळी पहिला दाणा टाकायचीस, हात जोडायचीस अन् मंग तार गुंडाळायच्या रहाटाच्या दांडीला हात घालायचीस. मी म्हणायचो, "ही वीज हाय, ज्वारीची रास न्हवं." तू म्हणायचीस, "विजंला बी लाभ लागतो."

दुसरी खोड मात्र सगळ्या गल्लीला ठावी होती. वर्ताळा. शेजारीण वाटीभर पीठ मागायला आली की वाटी भरून वरून एक मूठ. मीठ, तेल, काही बी. "मोजून मापून काय द्यायचं, माणसाला देतोय." मीच म्हणायचो, हिच्या हातात माप दिलं की घर बुडालं. लाडानं म्हणायचो, आगं. पण त्याच बोलण्याचा पुढं मी दगड केला.

यंत्र तयार झालं. मी फळीला एक पोलादी तार ताणून बांधली अन् बोटानं छेडली. भोंग्यातून असा आवाज आला की समोरच्या हॉटेलातला माणूस कपबशी टाकून बाहेर आला. माझी छाती फुगली. हिशेबापेक्षा जास्ती जोर! मला तवाच शंका यायला पाह्यजे होती. ट्रान्सफॉर्मर लई तापत होता. तू त्याच्यावर तळहात ठेवलास अन् म्हणलीस, "ताप आल्यावाणी लागतंय हो अंग ह्याचं."

"हं," मी म्हणलो.

जत्रेचा दिवस तुझ्याबरोबर पुन्यांदा काढायची माझी हिंमत न्हाई, पण काढतो. पोलिसातल्या अमीनसाहेबांची इजाजत मिळवायला उर्दूतली दरखास्त मी मुन्शीकडून लिहून घेतल्ती. जत्रेत तंबूचा सिनेमा आल्ता, त्यांच्या इंजिनावरून वायर आणली. तंबूवाला भला माणूस, तिसऱ्या प्रहरीच इंजिन सुरू करून दिलं. भोंगा लिंबाला बांधला, बायांच्या बराबर डोक्यावर, कारण तू तशीच ताकीद दिल्तीस. तुझ्या आबांनी कानाच्या तुकड्यात तोंड घालून म्हसोबाचा जयजयकार केला अन् सगळी जत्रा दचकली. लेकरं टाळ्या पिटायला लागली. मंग आबांनी एकतारी मांडीवर घेतली. मी पारावरून मागं बघितलं. तू उभीच राह्यल्तीस. पदर दातात धरला होतास.

आबांचं बोट वर गेलं अन् यंत्रातून धूर आला.

फट्ट झालं, डांबर वितळल्याचा वास सुटला, काळं पाणी पारावर गळलं. भोंगा मुका. आबांचं बोट खाली आलं, तार वाजली बी असंल, पण पहिल्या तीन रांगांपुरती. माणसं हसायला लागली. कुणी तरी म्हणलं, "जालन्याच्या इंजिनेरानं म्हसोबाला धूप दाखवला!" अन् माझं डोकं फिरलं. मला ती हसणारी तोंडं दुसरीकडं वळवायची होती. ह्याच्याबिगर दुसरं काही कारण न्हाई, आज सांगतो. मी ओरडलो, "मी काय करू? वेढे हिनं मोजलेत! घातला असंल खळ्यावरच्यासारखा वर्ताळा!"

हसणं तुझ्याकडं वळलं. मला पाह्यजे होतं तसंच.

तू मागून चालत आलीस. एवढ्या पुरुषांच्या रांगांतून, पदर डोक्यावर ओढून, पारापर्यंत. आवाज चढवला न्हाईस. म्हणलीस, "मी बराबर मोजलेत. एक बी जास्ती न्हाई. आवं, तुमच्या वाटीतला तो लाभाचा दाणा..."

"गप! दाण्याबिण्याचं नाव काढू नको!"

तुझे आबा माझ्याकडं बघत होते. त्यांनी एकतारी फडक्यात गुंडाळली.

पुढचं वरीस. तेच मला खातंय आगं. तुझ्या माहेरी तुला वर्ताळेवाली म्हणायला लागले, अन् ते नाव जालन्यापर्यंत आलं. मी बी एक-दोनदा घरात म्हणलो, गमतीत. तू हसली न्हाईस. पहिल्या महिन्यातच तू तीनदा तरी म्हणलीस, सोडून मोजा; दाण्याचं नाव मात्र मी बजावल्यापासून काढलं न्हाईस. मी म्हणलो, तार वाया जाईल. खरं कारण ते न्हव्हतं. जळकी तार कुठं कामाची होती? मला भ्या वाटत होतं. मोजल्यावर तुझी चूक निघाली तर ठीक, पण न्हाई निघाली तर? भर जत्रेत बोललेलं परत कसं घ्यायचं? म्हणून मी यंत्रावर पोतं टाकलं. झाकलं म्हणजे मिटलं असं मला वाटलं.

एक दिवस शेजारीण दुकानावर आली, म्हणली, "भाऊ, तुमच्या घरचीला बरं न्हाई का? काल पीठ मागितलं तर वाटी भरली अन् वरून बोट फिरवून सपाट करून दिली." मी हसण्यावारी नेलं. घरी आलो तर तू भाकऱ्या थापत होतीस. विचारावं वाटलं, विचारलं न्हाई. तुझ्या हातातली ती वरची मूठ मी काढून घेतल्ती, हे तवा बी मला कळलं होतं. कळून बी जेवलो अन् झोपलो.

मंग पोषात तू म्हणलीस, अंग मोडून आल्यावाणी वाटतंय. मी म्हणलो, हं. ट्रान्सफॉर्मर किती तापलाय हे नुसत्या तळहातानं सांगणारा माणूस मी, अन् तुझ्या कपाळाला हात लावला तो चौथ्या दिवशी. हकीमसाहेब म्हणले, मुदतीचा ताप. मुदत भरली की उतरतो म्हणले. पुढं एक डॉक्टर बी आणला. सगळ्यांनी केलं ते केलं. तो मध्ये उतरला, माघात पुन्यांदा चढला, तवा मी दुकान बंद करून उशाशी बसलो. तू तापात मोजत होतीस. "लाभ, दोन, तीन, चार..." विसापर्यंत जायचीस अन् पुन्यांदा लाभ. मला वाटलं, तू आबांच्या खळ्यावर गेलीस. मी तुझा हात धरून बसलो. एकदा मनात आलं, आत्ता म्हणून टाकावं, "तुझी चूक न्हव्हती." पण मला खरं कुठं ठावं होतं? अन् खोटं म्हणायला बी जीभ वळली न्हाई. खोटं तर खोटं, म्हणायला पाह्यजे होतं गं. त्या खोट्यानं माझं काय जाणार होतं? चौथ्या रात्री तुझी मोजणी अकरावर थांबली.

आता गुंडाळीचं.

वरची तार तुझी, खालची माझी. म्हणजे आधी तुझी सोडायची. केसासारखी तार, जळून काळी झालेली, जागोजागी तुटायची. तुटली की तुकडा बाजूला ठेवायचा अन् पुढं मोजायचं. वीस वेढ्याला एक दाणा, तुझ्याच वाटीत. तीन दिवस लागले. खरं सांगू? पहिले दोन दिवस मी देवाजवळ मागत होतो की तुझे वेढे जास्ती निघू दे. बायको गेली तरी माणसाला आपलं खरं व्हावं वाटतं, असली ही जात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा वेढा सुटला. दाणे मोजले. एकशे ऐंशी. पुन्यांदा मोजले. एकशे ऐंशीच. छत्तीसशे वेढे. एक जास्ती न्हाई, एक कमी न्हाई.

मी तिथंच भिंतीला डोकं आपटून रडलो. गिऱ्हाईक फळीशी उभं होतं, बिचारं गुमान निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी माझी सोडली. जाड तार, काम जल्दी झालं. भिंतीवर माझ्या खडूचे आकडे अजून होते, सात बैठकींचे सात, मिळून सहासष्ट दाणे. वाटीत निघाले एकोणसाठ. सात कमी. सात दाणे, म्हणजे एकशे चाळीस वेढे कमी. आतले वेढे कमी, म्हणजे बाहेर जोर जास्ती. म्हणून तापत होता. म्हणून जळला. जाळला मी, अन् बोल तुला.

पण कसं? दर बैठकीला एक दाणा, बराबर एकच, जास्ती कसा मांडला गेला मला कळंना. मी काय इतका वेंधळा न्हाई. रागच आला. उंदीर असता तर दाणे कमी झाले असते, जास्ती कुठून येतील?

सकाळी पुन्यांदा दुकान उघडलं. वाटी समोर ओढली. वाटी रिकामी होती.

आगं, ती वाटी रिकामी पाह्यची मला सवयच न्हव्हती. मी कामाला बसायचो तवा तिच्यात तळाला एक दाणा पडलेलाच असायचा. सात दिवस, सात सकाळी. तू डबा ठेवायला यायचीस, तुझ्या वाटीत एक टाकायचीस अन् माझ्या वाटीत एक. मी वाकून तार ताणत असायचो. अन् पहिल्या दिवशी तू म्हणल्तीस, मला आता तुझा आवाज सुद्धा आठवतो, बांगड्यांसकट आठवतो: "तुमच्या वाटीत बी लाभाचा टाकलाय बरं का. तो मोजणीत धरू नका."

अन् मी म्हणल्तो, "हं."

बस्स. एवढंच होतं. तू माझ्या कामाला यश यावं म्हणून रोज एक दाणा टाकलास, मी रोज त्याचे वीस वेढे मांडले. पारापर्यंत चालत येऊन तू तेच सांगत होतीस. अर्धं सांगितलंस. अर्ध्यात मी तुला गप केलं.

नवी तार आणली हैदराबादेहून. ह्या खेपेला दोन्ही गुंडाळ्या मीच केल्या, तुझी बी. बोटं कापली, चार वेळा तार तुटली, तुला शिव्या देत देत तुझ्यासारखं हलक्या हातानं धरायला शिकलो. रोज सकाळी वाटीत एक दाणा टाकायचो. धरायचो न्हाई. लाभ म्हणूनच मोजायला लागायचो.

परवा जत्रा झाली. तुझ्या माहेरचे म्हणले, यंदा आबांना बसवू नका, लेक गेलीय. आबा म्हणले, "देवाचं हाय, खंड पडायचा न्हाई." मी यंत्र घेऊन गेलो तवा त्यांनी पारावर जागा करून दिली. तंबूवाला ह्या वर्षी बी आल्ता, त्यानं इंजिन सुरू केलं. भोंगा लिंबाला, त्याच फांदीला. मी वायर जोडत होतो तवा मागच्या वर्षीचाच कुणीतरी ओरडला, "इंजिनेर, यंदा कुणी मोजलं?"

थोडे हसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

मी आबांच्या हातातला तो कानाचा तुकडा घेतला. तुझं नाव मी कधी घेतलंय? नुसत्या आगं म्हणण्यावरच नऊ वर्षं भागवली. चारचौघांत तर नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची आपल्यात रीत बी न्हाई. पण आगं म्हणलं असतं तर लोकांना काय कळलं असतं?

मी म्हणलो, "गिरजानं मोजलेले वेढे बराबर होते. मागच्या साली चूक माझी होती. गिरजाची न्हव्हती."

भोंग्यातून ते सगळ्या जत्रेवर गेलं. मिठाईवाल्यापर्यंत, बैल बांधलेले तिथपर्यंत. कुणी हसलं न्हाई. मी तुकडा आबांच्या पुढं ठेवला. ते एकतारीची खुंटी पिळत होते. माझ्याकडं न बघता हळूच म्हणले, "जावाईबापू, हे तिला सांगायला पाह्यजे होतं."

यंत्र सुरूच होतं. ते बी सगळ्यांनी ऐकलं.

मी ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला. गार होता. मंग पारावरून उतरलो अन् मागं चालत गेलो, पुरुषांच्या रांगा ओलांडून, लिंबाखाली, बायांच्यात. कुणी हटकलं न्हाई. एका म्हातारीनं गुडघे आवरून जागा दिली, म्हणली, "हितंच बसायची ती." मी बसलो. तिथून आबांचं तोंड दिसत न्हाई, बराबर बोलायचीस तू. बोट तेवढं दिसतं.

बोट हललं, गिरजा, अन् तार ऐकू आली.